जुना डेस्कटॉप संथ झाला आहे: दुरुस्त करावा, भाग बदलावेत की निरोप द्यावा?

‘संगणक स्लो झाला आहे’ या तक्रारीवरून काहीच ठरवता येत नाही. सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे लागतात, की ब्राउझरमध्ये बऱ्याच खिडक्या उघडल्यावर तो अडखळतो, की सुरुवातीला नीट चालून अर्ध्या तासाने मंदावतो, हे आधी पाहिले पाहिजे. कारण या तिन्ही लक्षणांचा रोख वेगवेगळ्या भागांकडे असतो आणि चुकीचा भाग बदलल्यास पैसे जाऊनही संगणक होता तसाच राहतो.

हे मोजण्याचे साधन विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक सुरू करून दहा मिनिटे त्याला हात लावू नये, मग परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे पाहावेत. त्यानंतर रोजचे काम सुरू करून तेच आकडे पुन्हा पाहावेत. संगणक रिकामा असतानाही डिस्क १०० टक्के दिसत असेल आणि त्याच वेळी वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मेगाबाइट असेल, तर दुखणे बहुधा हार्ड डिस्कचे आहे.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. हार्ड डिस्कमधील मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला अर्धा फेरा पूर्ण करायला सुमारे ४ मिलिसेकंद लागतात, आणि वाचणारा हेड योग्य जागी सरकायला त्याहून अधिक. त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचने करू शकते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. एसएसडी म्हणजे चिपवर मजकूर साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारे काहीच नसल्याने तीच वाचने सेकंदाला हजारोंनी होतात. म्हणूनच, जुन्या मदरबोर्डवर एनव्हीएमई या अधिक वेगवान जातीच्या एसएसडीची सोय नसली तरी हळहळण्याचे कारण नाही. हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणाऱ्या साध्या साटा एसएसडीची सेकंदाला ५५० मेगाबाइटची कमाल मर्यादाही रोजच्या कामाला पुरून उरते.

मात्र एसएसडी मागवण्याआधी जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी दाखवतो. त्यातील ०५, सी५ आणि सी६ या ओळींच्या मूळ आकड्याच्या रकान्यात शून्याव्यतिरिक्त काही दिसले, विशेषतः तो आकडा वाढत चालला असेल, तर डिस्कचे काही भाग निकामी होऊ लागले आहेत असे समजावे. अशा वेळी डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली एकत्र लावणे) किंवा दुरुस्तीच्या नावाखाली तिला आणखी राबवू नये. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, बाकीचे नंतर. याउलट फक्त सी७ ही ओळ वाढत असेल तर संशय डेटा केबलवर घ्यावा. ती काढून घट्ट बसवली किंवा बदलली की अनेकदा काम भागते, आणि डिस्कला उगाच दोष दिला जात नाही.

डिस्कवर आळ येण्याचे आणखी एक कारण रॅम, म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये दिसणारी मेमरी, असू शकते. मेमरी भरली की विंडोज तिच्यातील मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते, त्यामुळे आकडा डिस्कचा फुगतो, पण मूळ अडचण मेमरीची असते. नेहमीच्या कामात मेमरी ८५-९० टक्क्यांवर राहत असेल तर रॅम वाढवणे रास्त आहे. आज ब्राउझर आणि कार्यालयीन कामासाठी ८ जीबी किमान आणि १६ जीबी ऐसपैस म्हणता येईल. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात व त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, म्हणून आधी आपल्या बोर्डवर कोणती आहे ते पाहावे. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीपलीकडची रॅम वाया जाते, हेही ध्यानात ठेवावे.

अर्ध्या तासाने मंदावणाऱ्या संगणकाला बहुधा नवे काहीच नको असते. प्रोसेसर फार तापला, म्हणजे साधारण १०० अंश सेल्सिअसच्या जवळ गेला, की तो जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. वीजजोडणी काढून कॅबिनेट उघडावे, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून धूळ उडवावी आणि हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, त्याच्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावावी. आत डोकावलेच आहे तर बोर्डवरील कपॅसिटर, म्हणजे लहान नळकांड्यांसारखे भाग, हेही पाहून घ्यावेत. त्यांची टोपी फुगलेली असेल तर त्या बोर्डवर आणखी खर्च करू नये.

प्रोसेसर बदलण्याचा विचार बहुतेकांनी सोडून द्यावा. सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, तोच असला तरी बोर्ड नवा प्रोसेसर स्वीकारेलच असे नाही. इंटेलच्या सहाव्या आणि आठव्या पिढीचा सॉकेट नावाला एकच आहे, तरीही १०० मालिकेच्या चिपसेटचे (बोर्डवरील नियंत्रक चिपचे) बोर्ड आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालवत नाहीत. मग बोर्ड बदला, त्यासाठी रॅम बदला, कधी वीज पुरवणारा एसएमपीएसही बदला, असे करता करता जुन्या कॅबिनेटमध्ये नवा संगणकच उभा राहतो.

दुसरी मर्यादा विंडोजची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी आणि ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्राम ‘टीपीएम नाही’ म्हणाला तरी लगेच हार मानू नये. अनेक बोर्डांवर ते असते, पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेले असते. इंटेलच्या बोर्डवर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने ते सापडते. संगणक खरोखरच अपात्र असेल आणि काम ब्राउझर, पत्रे व तक्ते एवढेच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम हा चांगला मार्ग आहे. प्रिंटर आणि रोजचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे पेन ड्राइव्हवरून चालवून आधी पाहता येते.

खर्चाबाबत माझा ठोकताळा असा की घेतलेला भाग पुढच्या संगणकात नेता येत असेल तर हात सैल सोडावा, नाहीतर आखडावा. साटा एसएसडी पुढेही उपयोगी पडते, म्हणून तिच्यावरचा खर्च वाया जात नाही. डीडीआर३ रॅम मात्र याच बोर्डाबरोबर संपते, म्हणून ती नवी न घेता वापरलेली घ्यावी. एसएसडी आणि रॅम यांपुढे तिसरा भाग बदलण्याची वेळ आली, तर तिथेच थांबून ती रक्कम नव्या संगणकासाठी राखून ठेवावी.

एसएसडीवर विंडोज शक्यतो नव्याने घालावी, आणि जुनी व्यवस्था तशीच उचलून आणण्याचा मोह टाळावा. संगणक विंडोज ११ ला पात्र असेल तर त्याच वेळी बायॉसमध्ये यूईएफआय ही संगणक सुरू होण्याची नवी पद्धत निवडून डिस्क जीपीटी या नव्या विभागणी पद्धतीची करून घ्यावी, म्हणजे पुढे पुन्हा फॉरमॅट मारावे लागत नाही. काढलेली हार्ड डिस्क नोंदींत निर्दोष असेल तर बॅकअपची दुसरी प्रत ठेवायला वापरावी. ती कोणाला द्यायची असल्यास त्यावरील मजकूर केवळ डिलीट न करता संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहून मगच द्यावी.