पोलीस पत्रकाराचा फोन घ्यायला आले तर

गिरणा नदीतल्या वाळूउपशावर लिहिणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या पत्रकाराने नोटिशीची तयारी आधीच ठेवावी. नोटीस आली की कलम बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पोलीस तपास, अटक, झडतीचे नियम सांगणारा कायदा) कलम ३५(३) असेल, म्हणजे पोलिसांपुढे हजर व्हायला सांगितलं असेल, तर ठरल्या तारखेला जाच. गेलात तर लेखी कारणाशिवाय अटक होत नाही. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलंय. कलम ९४ असेल तर कागद किंवा फोनसारखी वस्तू मागितलीय.

खरी चूक जप्तीच्या पंचनाम्यात होते. ‘एक मोबाईल’ एवढंच लिहितात आणि घाबरून सही केली जाते. मग फोनमध्ये नंतर कुणी काही घातलं, हे दाखवणार कसं? मॉडेल, दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), सिम, मेमरी कार्ड लिहायला लावा. फोन बंद करून तुमच्यासमोर सील व्हावा, हॅश व्हॅल्यूची (फोनमधला डेटा बदलला तर बदलणारा सांकेतिक आकडा) नोंद मागा. कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, तेही विचारा. पंचनाम्याची प्रत घ्याच.

नोटिशीनंतर काही डिलीट केलंत तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा अंगावर येतो. म्हणून सूत्रांची नावं फोनमध्ये मुळातच नकोत. गुन्हा रद्द करून घ्यायला खान्देशाला उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. वकिलाचा नंबर कागदावर ठेवा.