हरिकेननंतरच्या कला मेळ्याची तयारी

फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर कला मेळ्यांचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. अटलांटिकमधला हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असला, तरी त्याचा खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. म्हणजे वादळ येतं तेव्हा बूथ फी भरून झालेली असते, माल निम्मा तयार असतो आणि मेळा काही आठवड्यांवर आलेला असतो. इयान २८ सप्टेंबर २०२२ ला फोर्ट मायर्सजवळच्या कायो कोस्टावर धडकलं, मिल्टन ९ ऑक्टोबर २०२४ ला सारासोटाजवळच्या ‘सिएस्टा की’ या बेटावर. या किनाऱ्यावर स्टॉल लावणाऱ्याने म्हणूनच तयारीला मे महिन्यातच लागावं.

मे महिन्याचं काम कंटाळवाणं आहे, पण पुढे पैसे मिळतात ते यावरच. प्रत्येक कलाकृतीचे दोन फोटो काढा, एक पूर्ण आणि एक सहीचा. सोबत शीर्षक, माप, माध्यम, वर्ष आणि साहित्याचा खर्च लिहा. खर्च वेगळा लिहायचा, कारण स्वतः केलेलं काम नष्ट झालं तर करात वजावट मिळते ती साहित्याच्या खर्चापुरतीच. विक्रीची किंमत किंवा तुमचे तास त्यात धरले जात नाहीत. ही यादी घराबाहेर ठेवा: क्लाउडवर आणि दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाकडे. मग विम्याचे कागद काढा. घराच्या सरकारी पूर विम्यात सामानाचं संरक्षण घेतलेलं असलं, तरी कलाकृती, दागिने आणि धंद्यासाठी वापरलेलं सामान या सगळ्यांना मिळून मर्यादा फक्त २,५०० डॉलरची असते. गॅरेजमधल्या स्टुडिओत वर्षभराचं काम असेल तर ही रक्कम नगण्य आहे. धंद्यासाठी वेगळी पॉलिसी घ्या, आणि प्रवासातल्या व मेळ्यातल्या मालाचा विमा घेताना पूर आणि नाव दिलेलं वादळ वगळलं आहे का, ते आधी वाचा. पूर विमा साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळाचं नाव जाहीर झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

वादळ तीन दिवसांवर आलं की उंचीचा विचार करा. इयानच्या वेळी फोर्ट मायर्स बीचवर समुद्राचं उधाण १० ते १५ फूट चढलं होतं. टेबलावर किंवा माळ्याच्या खालच्या फळीवर ठेवलेला माल तिथे वाचत नाही. उधाणाच्या पट्ट्यात राहत असाल तर काम गाडीत भरून आत, उंचावरच्या गावी न्या. काचेच्या फ्रेमा उभ्या, तोंडाला तोंड लावून, मध्ये पुठ्ठा घालून. गाडीची टाकी भरलेली हवी. स्टॉलचा तंबू आणि त्याची वजनं घराबाहेर ठेवू नका.

परत आल्यावरचे पहिले ४८ तास सगळ्यात मोलाचे. ओल्या वस्तूवर बुरशी २४ ते ४८ तासांत धरायला लागते, आणि वीज नसलेल्या दमट घरात तिला कुणी अडवत नाही. उधाणाच्या पाण्यात मीठ असतंच, शिवाय सांडपाणी आणि इंधनही मिसळलेलं असतं. रबरी हातमोजे, बूट आणि एन-९५ मास्क घातल्याशिवाय कशालाही हात लावू नका. आधी फोटो काढा, मगच उचला. चिखल वाळण्याआधी गोड्या, स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा; वाळलेला चिखल घासला की रंगही निघतो. कॅनव्हास फ्रेममधून काढा पण स्ट्रेचरवरून, म्हणजे तो ज्यावर ताणलेला असतो त्या लाकडी चौकटीवरून, सोडवू नका. चित्राची बाजू वर ठेवून, सावलीत, खालून हवा खेळेल असा आडवा ठेवा. रंग सुटत असेल तर धुऊ नका, पुसूही नका. प्रिंट काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काच खाली ठेवून तसाच वाळू द्या. कागदावरचं काम दोन दिवसांत वाळवणं शक्य नसेल तर मेणकागद मध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि तुम्हाला वेळ मिळतो. लाकूड सावकाश वाळवा, नाहीतर तडकतं. धातूचं उलट: धुवा आणि लगेच कोरडा करा. ओले कापड एकावर एक रचू नका, एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. कलाकृतीवर ब्लीच कधीच नको. जनरेटर दारंखिडक्यांपासून किमान २० फूट लांब, उघड्यावर. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवलेला जनरेटरही कार्बन मोनॉक्साइडने जीव घेतो.

मातीची भांडी भाजायच्या विजेच्या भट्टीत खारं पाणी शिरलं असेल तर ती वाळली म्हणून सुरू करू नका. भट्टीच्या हलक्या विटा पाणी शोषून घेतात, मीठ आतच राहतं, आणि वायरिंग व जोड गंजत जातात. पाण्याखाली गेलेले विजेचे भाग बदलून, इलेक्ट्रिशियनने तपासल्यावरच तिला हात लावा. तंबूत दिवे लावायला वापरता ती लिथियम बॅटरी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर ती चार्ज करायची नाही आणि घरातही ठेवायची नाही. अशा बॅटऱ्या काही दिवसांनी, आपोआपही पेट घेतात. तंबूच्या सांगाड्याचे सरकते पाय पूर्ण उघडून आतून गोड्या पाण्याने धुवा, वाळवा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. हे चुकलं तर सांगाडा नेमका मेळ्याच्या पहाटे अडकतो. चित्रं टांगायचे कार्पेट लावलेले पॅनेल उधाणात भिजले असतील तर टाकून द्या. वरून कोरडे दिसतात, पण आतली बुरशी पुढच्या प्रत्येक चित्राला लागते.

पैशाचे अर्ज याच आठवड्यात करा. फेमाची, म्हणजे अमेरिकेच्या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेची, मदत घरासाठी असते, पण मार्च २०२४ नंतरच्या आपत्तींत स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या खराब झालेल्या हत्यारांचा आणि उपकरणांचाही विचार होतो. लघुउद्योग प्रशासन, म्हणजे एसबीए, आपत्तीत कर्ज देतं. ते फेडायचं असतं हे लक्षात ठेवून रक्कम ठरवा. हस्तकलेच्या कलाकारांसाठी १९८५ पासून काम करणारी सर्फ प्लस ही संस्था अनुदान देते, ते फेडावं लागत नाही. नुकसान मोठं असेल तर तिथे अर्ज कराच.

आता मुख्य प्रश्न: मेळा होईल का, आणि झाला तर जावं का? उत्तर शोधताना वाऱ्याच्या वेगाचा आकडा बाजूला ठेवा आणि मैदान, रस्ता, खोल्या आणि गिऱ्हाईक या चार गोष्टी विचारा. मेळ्याचं मैदान हे बहुधा गावातलं मोठं मोकळं मैदान असतं, आणि वादळानंतर राडारोडा टाकायला किंवा मदत पथकांचे तंबू ठोकायला तेच लागतं. ते कधी मोकळं होणार, हे पालिकेला विचारा. बेटावरच्या मेळ्याचा जीव एका पुलात असतो. इयानने सॅनिबेल बेटाचा कॉजवे, म्हणजे पाण्यातून जाणारा भराव-पुलांचा रस्ता, अनेक ठिकाणी तोडला. तात्पुरती दुरुस्ती होऊन तो लोकांसाठी १९ ऑक्टोबरला उघडला. पाइन आयलंडकडे जाणारा, मटलाशाच्या रंगीत कलादालनांमधून जाणारा रस्ताही तसाच वाहून गेला होता. ‘सीडर की’ या बेटावरच्या गावाला जायला तर एकच महामार्ग, २४ क्रमांकाचा. पूल लवकर जोडला गेला तरी खोल्यांचा पेच राहतो: हॉटेलं बेघर रहिवासी, विजेचे कामगार, छप्पर घालणारे यांनी महिनोन्‌महिने भरलेली असतात. चौथी गोष्ट सगळ्यात कमी विचारली जाते. फ्लोरिडातल्या घरविम्यात हरिकेनचं डिडक्टिबल बहुधा टक्क्यांत असतं, २, ५ किंवा १०. पाच लाख डॉलरला विमा उतरवलेल्या घराला ५ टक्के म्हणजे २५,००० डॉलर मालकाने आधी स्वतःच्या खिशातून घालायचे. त्या हंगामात त्याच्याकडून मोठ्या चित्राची अपेक्षा धरू नका.

आयोजक असाल तर निर्णयाची एक तारीख ठरवा, साधारण मेळ्याच्या ३० दिवस आधीची, आणि ती पाळा. कलाकाराला रद्द होण्यापेक्षा अनिश्चितता महाग पडते, कारण तोवर त्याने दुसरा मेळा सोडलेला असतो. रद्द केलं तर तीन पर्याय लेखी द्या: पूर्ण परतावा, पुढच्या वर्षीची जागा, किंवा ती रक्कम स्थानिक कलाकारांच्या मदतीला. करायचं ठरलं तर आधी समुद्रभिंतीलगतचा रस्ता अभियंत्याकडून तपासून घ्या. उधाण ओसरताना भिंतीमागची माती ओढून नेतं, वर डांबर साबूत दिसतं आणि पहिल्या भरलेल्या ट्रकखाली खचतं. झाडांच्या लोंबत्या फांद्या वृक्षतज्ज्ञाकडून उतरवा. शांत दिवशीही त्या तंबूवर पडतात. फिरती शौचालयं सफाई कंत्राटदारांनी उचललेली असतात, ती सगळ्यात आधी पक्की करा. स्वयंसेवकांची यादी दुप्पट धरा, कारण निम्म्यांची घरं उघडी पडलेली असतील. आणि कलाकारांना पाठवायच्या पत्रात ‘आम्ही पुन्हा उभे राहिलो’ या वाक्याआधी हे लिहा: कुठला रस्ता चालू आहे, रात्रीची संचारबंदी किती वाजेपर्यंत आहे, पाणी उकळून प्यायची सूचना आहे का. पहाटे ५ ला स्टॉल लावायला बोलावलं आणि संचारबंदी ६ ला उठत असेल, तर वेळापत्रक पहिल्याच तासात कोसळतं.

जायचं ठरलं तर आतल्या भागात, तासा-दीड तासाच्या अंतरावर खोली घ्या आणि ती रद्द करता येईल अशीच घ्या. रस्त्यावर छपरांचे खिळे विखुरलेले असतात; ट्रेलरला दोन स्टेपन्या आणि पंक्चरचं किट हवंच. माणशी रोज चार लिटर पाणी, डासांचं मलम, आणि ५ व १० च्या नोटांत २०० डॉलर सुटे जवळ ठेवा, कारण मोबाइलचं जाळं मध्येच जातं. कार्ड यंत्राची ऑफलाइन सोय घरीच तपासा. तंबूच्या प्रत्येक पायाला १८ किलो तरी वजन लावा. चार इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटांचा तुकडा काँक्रीटने भरला की जवळपास तेवढं होतं. खुंट्या ठोकू नका. जमिनीखालच्या नळ्या आधीच सैल झालेल्या असतात.

माल निवडताना त्या गावातल्या भिंतींची आठवण ठेवा. पूर आलेल्या घरात ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचे जिप्समचे तक्ते, जमिनीपासून चार फुटांपर्यंत कापून टाकतात. ज्याच्या घरात आत्ता लाकडी सांगाडा उघडा आहे तो चित्र टांगणार कुठे? हातात मावेल असं न्या: वाट्या, कप, दागिने, छोटे प्रिंट. पडक्या घरांची चित्रं त्याच गावात विकायला नेऊ नका, ती बघायला कुणी बाहेर पडलेलं नसतं. पाण्यातून वाचवलेलं काम विकायचं असेल तर कार्डावर तसं स्पष्ट लिहा. आणि वही ठेवा. थांबून बघणाऱ्याला विचारा, उधाणात काय गेलं, कुठल्या भिंतीवर होतं, किती मोठं होतं. माप, नाव आणि फोन टिपून घ्या. भिंत पुन्हा उभी राहून रंगायला वर्ष-दोन वर्षं जातात, म्हणून त्या वहीतले फोन दुसऱ्या हंगामाच्या अर्जाआधी करा.