कॅरोसेलच्या घोड्यावर हात ठेवण्याआधी

जानेवारीतल्या एका सकाळी वर्कशॉपच्या खिडकीपाशी उभी होते आणि पोटात गोळा आला. समोर चार लाकडी घोडे. त्यांच्या खोगिराखालच्या झुली तीन आठवड्यांपूर्वी मी मन लावून हिरव्या रंगवल्या होत्या. खिडकीला लागून पाचवा घोडा होता. त्याच्या झुलीवर मूळ रंगाची नाण्याएवढी जागा उघडी होती. याच जागेवरून मी हिरवा जुळवला होता. आता ती जागा निळी दिसत होती.

जुन्या राइड्स दुरुस्त करण्याच्या कामात यायचंय, असं विचारणारे बरेच जण भेटतात. कुणाला सुतारकाम येतं, कुणी फाइन आर्टचं, कुणी मेकॅनिकलचं. पटाशी कशी धरायची ते मी सांगत बसत नाही. मी सावंतवाडीची. आजोबांच्या लेथवर पांगाऱ्याचं लाकूड फिरताना बघत मोठी झाले, त्यामुळे अमेरिकेत आले तेव्हा लाकूड आणि रंग मला कळतात अशी पक्की खात्री होती. पेन्सिल्व्हेनियातल्या एका जुन्या करमणुकीच्या पार्कच्या कॅरोसेलवर, म्हणजे लाकडी घोड्यांच्या फिरत्या पाळण्यावर, तीन हिवाळे काम केलं आणि पहिल्याच हिवाळ्यात ही खात्री मला नडली.

पेन्सिल्व्हेनिया हे या धंद्याचं जुनं घर. गुस्ताव डेन्झेल यांनी १८६७ मध्ये फिलाडेल्फियात कॅरोसेल बनवायला सुरुवात केली, १९०४ मध्ये तिथेच फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनी उभी राहिली. पिट्सबर्गजवळच्या केनीवूड पार्कमध्ये डेन्झेलांचं कॅरोसेल १९२७ पासून फिरतंय. नोबेल्स (Knoebels) या पार्कमध्ये तर आजही बाहेरच्या घोड्यावर बसून हात लांब करून पितळी कडी ओढता येते. काम मागायला जाण्याआधी हे बघून या. तिकीट काढून बसा, मग उतरून अर्धा तास नुसतं बघा.

आता रंगाचं सांगते. हे लांबेल, पण सांगणारच.

पार्कमधला घोडा दर दोन-चार वर्षांनी रंगवला जातो. जुन्या रंगावर नवा, त्यावर आणखी नवा. एका कानावर मी सव्वीस थर मोजलेत. आयाळीचं कोरीव काम त्याखाली बुजून गेलेलं असतं. सगळ्यात खाली कारखान्यातून आलेला पहिला रंग असतो आणि तो शोधायला आपण छोटी खिडकी उघडतो. स्काल्पेलने खरवडायचं, मग ओला पॉलिश पेपर चारशे, सहाशे, हजार असा बारीक करत गोल घासायचा. लाकडाच्या वलयांसारखी रंगांची वलयं दिसायला लागतात. फार सुंदर दिसतं ते, आणि तिथेच माणूस फसतो.

पहिला रंग जवसाच्या तेलातला असतो, वर तेलाचंच व्हार्निश. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. आपला थर तर पुढच्या सगळ्या थरांखाली कित्येक दशकं काळोखात पडलेला. वरचं व्हार्निश वेगळं पिवळं होतं. निळ्यावर पिवळं चढलं की हिरवंच दिसणार. पांढरं सायीसारखं दिसतं. ताज्या उघडलेल्या खिडकीवरून रंग जुळवला, तर तुम्ही मूळ रंग जुळवत नसता, त्याच्या म्हातारपणाचा डाग जुळवत असता. उजेड लागला की तेलाचा पिवळेपणा हळूहळू उतरतो, दोन-तीन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो. व्हार्निशचा पिवळेपणा मात्र असा जात नाही, ते कापसाच्या बोळ्याने काळजीपूर्वक पातळ करावं लागतं.

म्हणून खिडकी उघडा आणि थांबा. एक नको, एकाच रंगाच्या तीन जागा उघडा. त्यातली एक झुलीच्या चुणीत हवी, कारण तिथे घासणं कमी झालेलं असतं. घोडा दिवसाच्या उजेडात ठेवा, ट्यूबखाली नाही. तारीख घालून फोटो काढा, शेजारी रंग ताडून बघायचं करडं कार्ड ठेवून. शक्य असेल तर टाचणीच्या टोकाएवढा कपचा रेझिनमध्ये बसवून मायक्रोस्कोपखाली बघा. आमच्या कपच्यात अल्ट्रामरीनचे निळे कण पिवळ्या पडलेल्या तेलात स्वच्छ दिसत होते. हिरव्याचा एक कणही नव्हता. हे मी पहिल्या दिवशी बघू शकले असते. एप्रिलअखेर पार्क उघडायचं होतं, वरून रोज विचारणा होत होती, आणि मी घाई केली.

पण घाबरू नका, यातून बाहेर पडता येतं. मूळ रंगावर पॅरालॉइड बी-७२ चा, म्हणजे पुन्हा विरघळवून काढता येणाऱ्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रेझिनचा, पातळ थर दिल्याशिवाय आमचे उस्ताद कुणाला ब्रश उचलू द्यायचे नाहीत. त्या थरामुळे माझा हिरवा रंग खालच्या रंगाला धक्का न लावता निघाला. चार झुलींना अकरा दिवस लागले. हा थर नसता तर शंभर वर्षांपूर्वीचा निळा माझ्या हातून कायमचा गेला असता.

उस्ताद म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक कोरीव कारागीर. पहिला महिना त्यांनी मला फक्त घोड्यांची चित्रं काढायला लावली, तेव्हा राग यायचा. पण चित्र काढताना कुठला पाय आधी कुणीतरी बदललाय, कुठल्या मानेत पुट्टी भरलीय, ते हाताला कळायला लागलं. माझं मत स्पष्ट आहे: जो पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात रंग उकलायची हीट गन देतो, त्याच्याकडे राहू नका. आणि जो स्वतःचे बिघडवलेले घोडेही दाखवतो, त्याला सोडू नका.

रंग काढायला घोडा कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून देणारे लोक मिळतात. दोन दिवसांत लाकूड उघडं. हे करू नका, कधीच करू नका. हा घोडा अखंड ओंडक्याचा नसतो. बासवुड या मऊ लाकडाच्या फळ्या जोडून आतून पोकळ खोकं केलेलं असतं, आणि ती जोडणी सरसाची. सरस पाण्यात विरघळतो. घोडा टाकीतून बाहेर येतो तेव्हा सांधे उघडलेले, आणि लाकडाचे तंतू लोकरीसारखे उभे राहिलेले. पहिला रंग तर गेलेलाच असतो. मोटारीची पुट्टीही तशीच. लाकूड हिवाळ्या-उन्हाळ्यात हलतं, पुट्टी हलत नाही, मग कडेने चीर पडून पाणी आत शिरतं. तुकडा लाकडाचाच बसवा, रेषा जुळवून. पाय घोट्यापाशीच मोडतो कारण तिथे रेषा आडव्या तुटलेल्या असतात. तिथे नीट गुज, म्हणजे लाकडी खुंटी घाला, वरवर चिकटवून भागत नाही.

जुन्या थरांत शिसं असतं. अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर १९७८ मध्ये बंदी आली, आपला घोडा त्याच्या कितीतरी आधीचा. सुकं घासायचं नाही. चांगला फिल्टरवाला मास्क लावा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका, रक्तातलं शिसं तपासून घेत राहा. यात कुणाचीही भीड धरू नका.

मेकॅनिकलवाल्यांनो, तुमची गरज रंगवाल्यांपेक्षा जास्त आहे. पाहणाऱ्याचं लक्ष घोड्यांकडे जातं, पण जुन्या कॅरोसेलचं फिरणारं पूर्ण ओझं मधल्या खांबावर टांगलेलं असतं. वरचे आडवे बाहू, त्यांतले घोड्यांना वर-खाली करणारे क्रँक, क्रँकचे पांढऱ्या धातूचे बेअरिंग हे ज्याला वाचता येतं, तो माणूस मिळत नाही. पेन्सिल्व्हेनियात राइड्सची तपासणी राज्याच्या कृषी खात्याकडे असते, तेव्हा परवान्याची कागदपत्रं शोधताना दुसरीकडे फिरू नका.

शिकायला घोड्याची आतली बाजू घ्या. अमेरिकेत कॅरोसेल घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून प्रेक्षकांना उजवी बाजू दिसते आणि नक्षी, काचेचे खडे सगळे तिकडे. डावी बाजू साधी. इंग्लंडमध्ये याच्या बरोबर उलट. माझा हात बसला तो डाव्या बाजूंवर, सगळ्यात आतल्या रांगेतल्या लहान घोड्यांवर.

काम हिवाळ्यात चालतं, माणसं मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठरतात. जानेवारीत पत्र पाठवलंत तर उशीर झालेला असतो. पत्रासोबत पूर्ण झालेल्या वस्तूचे चकचकीत फोटो नकोत. एकाच तुकड्याचे आधीचे, मधले, चुकलेले आणि दुरुस्त केलेले फोटो तारखांसकट पाठवा. मी आता नव्या मुलांची पत्रं वाचते तेव्हा आधी तेच शोधते.

त्या पाचव्या घोड्याच्या झुलीवरची नाण्याएवढी खिडकी आम्ही रंगवली नाही. व्हार्निशखाली ती तशीच आहे, आणि बाकीची झूल तिच्याशी जुळवून निळी केली आहे.