नवा पीसी चालू झाला, पण स्क्रीन काळीच?

पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. नाशिकला सिडकोत भाच्याने पहिल्यांदाच जोडलेल्या पीसीचं हेच झालं. पोरगं रडवेलं होऊन मदरबोर्ड परत करायला निघालं होतं. एवढ्यात बोर्डाला दोष देऊ नका.

आधी केबल बघा. ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर एचडीएमआय केबल कार्डालाच लावायची, बोर्डाच्या पोर्टला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात अंगचं ग्राफिक्स नसतंच, म्हणजे बोर्डाच्या पोर्टवर चित्र येणारच नाही. प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर केबलही हमखास राहून जाते.

मग रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी. घोळ बहुतेक वेळा इथेच असतो. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, केसच्या उघड्या पत्र्याला हात लावा. एकच रॅम घेऊन बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये लावा. चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा. दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या, 'टक्' असा आवाज यायला हवा. भाच्याची रॅम एका टोकाला जेमतेम दोन मिलिमीटर वर राहिली होती. बोर्ड मोडेल या भीतीने त्याने जोरच लावला नव्हता.

रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर पहिल्यांदा स्क्रीन यायला काही मिनिटं लागू शकतात, मध्येच बंद करू नका.

तरीही अंधारच असेल, तर बोर्डावर 'सीपीयू' (प्रोसेसर), 'डीरॅम' (रॅम), 'व्हीजीए' (ग्राफिक्स) लिहिलेले बारीक दिवे असतात का बघा. जो पेटून राहील, दोष त्या बाजूला. दुकानात जाताना त्याचा फोटो काढून न्या.