साताऱ्यात नवीन आलात? एका दिवसात प्रतापगड आणि हर्णै

आमच्यासारखी लातूर-नांदेडकडून नोकरीपायी साताऱ्यात आलेली माणसं पहिली सुट्टी मिळाली की कास नाहीतर महाबळेश्वर गाठतात. जा की, कोण नको म्हणतंय! पण दिवाळी उलटली की एकदा मुलाबाळांना घेऊन प्रतापगड करा आणि तसंच घाट उतरून हर्णैचा समुद्र गाठा. पहाटे पाचला गाडी हलली पाहिजे. वाई-पाचगणीचा रस्ता धरू नका, सुट्टीला पसरणी घाटात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग असते. मेढा-केळघरवरून जा.

बहुतेक लोक पुतळ्यापाशी फोटो काढतात, भवानीमातेचं दर्शन घेतात, पिठलं-भाकरी खातात आणि माघारी फिरतात. रणांगण बघायचं राहूनच जातं. 10 नोव्हेंबर 1659 ची ती भेट गडावर नव्हे, पायथ्याच्या शामियान्यात झाली. गडावरून तोफेची इशारत झाली आणि दबा धरून बसलेले मावळे खानाच्या छावणीवर तुटून पडले, ते खाली पारच्या रानात. म्हणून वाडा कुंभरोशीहून आधी पारला वळा. रामवरदायिनीचं देऊळ आणि कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल तिथेच आहे. पुलावर उभं राहून मान वर करा: जिकडे बघाल तिकडे डोंगर. हत्ती, उंट, तोफा घेऊन आलेली फौज इथे कशी कोंडली गेली, हे चौथीतल्या पोरालाही न सांगता उमगतं. मग गडावर जाऊन बुरुजावरून तेच खोरं पुन्हा शोधायला लावा.

पुढचा आंबेनळी घाट वळणावळणाचा. पेट्रोल महाबळेश्वरलाच भरा, आलेपाक हाताशी ठेवा. (आमच्याकडे मागच्या सीटवर पिशवीही लागते.) पावसाळ्यात मात्र या वाटेला जाऊच नका, दरडी येतात. पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड करत दापोलीला जेवण.

हर्णैला चारच्या सुमारास पोचा, तेव्हा मासळीचा लिलाव रंगात असतो. मचवे जरा आत थांबतात, माल होड्यांतून वाळूवर येतो, सुरमई-पापलेटच्या ढिगाभोवती बायका बोली लावतात. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. पाण्यात उतरायचं तर भरती-ओहोटी गावकऱ्यांना विचारूनच; आपल्याकडच्या माणसाला समुद्राचा अंदाज नसतो.

परतीला अंधारात आंबेनळी नको. चिपळूण, कुंभार्ली, पाटण, उंब्रज असे या. घरी यायला रात्रीचे अकरा वाजतील, तेव्हा सोमवारी सकाळची ड्युटी असेल तर शनिवारीच निघा.