डबा कापण्याआधी थांबा: एक्झॉस्टचा आवाज सुधारताना या चुका टाळा

रात्री इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर दहा मिनिटं उभं राहिलं, तरी कोणत्या गाडीचा मफलर नुसता कापलाय आणि कोणत्या गाडीवर डोकं चालवून काम झालंय, हे डोळे मिटून सांगता येतं. पहिली लांबूनच फुटक्या पिंपासारखी वाजते. दुसरी हळू चालताना जवळपास गप्प असते आणि पाय दाबला की भरीव, गोल आवाज काढते. दोघींच्या खर्चात फार फरक नसतो. पहिल्या मालकाने आवाज वाढवला, दुसऱ्याने नको ते सूर काढून टाकले, एवढंच.

म्हणून पहिली चूक गाडी लिफ्टवर चढण्याआधीच होते: नेमका कोणता आवाज हवा आणि कोणता नको, याची नोंदच केलेली नसते. ती करायला पैसे लागत नाहीत. बायपासवर मोकळा पट्टा बघा, काचा आणि एसी बंद ठेवा, तिसऱ्या गिअरमध्ये १५०० ते ४००० आरपीएमपर्यंत (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) सावकाश गाडी चढवा. शेजारी बसलेल्याने मोबाइल तुमच्या कानाच्या उंचीवर धरून स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं ॲप चालू ठेवायचं आणि आवाज कुठे घुमतो, कुठे चिरका होतो, ते आरपीएमसकट लिहायचं. पुढे याच कागदावर सगळं अवलंबून आहे.

आरपीएमवरून मूळ सूर काढायचं गणित सोपं आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे सिलिंडरची निम्मी संख्या गुणिले आरपीएम, भागिले ६०. चार सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमला ८० हर्ट्झवर बोलतं, सहा सिलिंडरचं २००० ला १०० हर्ट्झवर आणि आठ सिलिंडरचं व्ही-८ १८०० ला १२० हर्ट्झवर. बंद केबिनमध्ये घुमणारे सूर बहुधा याच पट्ट्यात येतात. हायवेवर अर्ध्या तासात डोकं धरायला लावणारी ती घूं-घूं हीच.

याच गणिताच्या पोटात दुसरी चूक दडलेली आहे, ती म्हणजे चार सिलिंडरकडून मस्टँग या व्ही-८ गाडीच्या आवाजाची अपेक्षा. मस्टँगसारख्या क्रॉस-प्लेन व्ही-८ मध्ये एका बाजूचे चार सिलिंडर सारख्या अंतराने पेटत नाहीत. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) ९०, १८०, २७० आणि १८० अंशांवर असा अडखळता ताल असतो आणि ती प्रसिद्ध गडगड त्या अडखळण्यातूनच येते. ऑक्टाव्हियासारख्या गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन दर १८० अंशांनी ठेक्यात पेटतं. तो ठेका क्रँकशाफ्टमध्ये कोरलेला आहे, मागच्या पाइपात काहीही बसवलं तरी तो बदलत नाही. चार सिलिंडरला खोल, स्वच्छ सूर देता येतो. तेवढंच मागावं.

आता सुटे भाग. मागचा मोठा डबा म्हणजे मफलर. कंपनीच्या मफलरमध्ये बहुधा कप्पे असतात आणि ते खालचे, जाड सूर दाबतात. मधला छोटा डबा म्हणजे रेझोनेटर; सरळ जाणारी भोकांची नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंची लोकर, हा त्याचा नेहमीचा प्रकार, आणि तो वरचे चिरके सूर शोषतो. मेकॅनिक सर्रास मधला डबा उडवतो, कारण तो कापायला सोपा. मग ३००० ते ४५०० च्या दरम्यान पत्रा फाटल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि दोष नव्या मफलरला दिला जातो. बहुतेक गाड्यांना उलट क्रम मानवतो: रेझोनेटर जागेवर ठेवा आणि फक्त मागे आरपार नळीचा चांगला मफलर लावा. जागा असेल तर ३० सेंटिमीटरपेक्षा ४५ सेंटिमीटर लांबीचा घ्या. आत शोषायला लोकर जास्त मिळते. स्वस्त मफलरमधली लोकर नळीला थेट चिकटलेली असते, ती गरम वायूच्या माऱ्याने उडून जाते आणि काही महिन्यांत आवाज फाटतो. भोकांच्या नळीवर आधी स्टीलच्या लोकरीचा थर आणि मग काचतंतू, अशी भरणी टिकते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा (थोडक्यात कॅट), काढणं ही चूक नव्हे, मूर्खपणा आहे. आवाज खोल न होता उग्र होतो, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर पी०४२० हा कोड टाकून चेक इंजिनचा दिवा लावतो. तो विझवायला सेन्सरखाली स्पेसर घालून देणारे भेटतील. दिवा विझेल, धूर तोच राहील. पीयूसीच्या तपासणीत अलीकडच्या पेट्रोल गाडीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मुभा आहे. कॅटशिवाय ती पाळता येत नाही.

पाइपच्या जाडीबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक म्हणतो इंजिनला बॅक प्रेशर हवंच, दुसरा म्हणतो जितका मोठा पाइप तितकं बरं. इंजिनला दाब नको असतो, वायूचा वेग हवा असतो. वेगाने निघालेला एक झोत मागच्याला ओढून नेतो. अडीच इंचांवरून तीन इंचांवर गेलात तर आतलं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं आणि वेग सुमारे ३० टक्क्यांनी पडतो. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात याचा फटका खालच्या आरपीएमला लगेच जाणवतो. टर्बोच्या मागे मात्र मोकळा पाइप चालतो, तिथे अडथळा जितका कमी तितकं बरं. तरीही १ ते १.५ लिटरच्या टर्बोला सव्वादोन इंच पुरतो आणि २ लिटरला अडीच. तीन इंच लावून शहरात फिरणाऱ्याला घूं-घूं तेवढी जास्त मिळते.

त्या घूं-घूंवरचा नेमका उपाय म्हणजे बाजूची बंद नळी. मुख्य पाइपला टी जोडून त्याच जाडीची, टोक बंद केलेली नळी काढायची. लहर आत जाऊन परत येते तोवर अर्धी फेरी मागे पडते आणि मूळ लहरीला खाते. नळीची लांबी म्हणजे आवाजाचा वेग भागिले चौपट वारंवारता. इथे हमखास चुकतं, कारण वेग थंड हवेचा धरला जातो, सेकंदाला ३४३ मीटर. ८० हर्ट्झसाठी त्यातून १ मीटर ७ सेंटिमीटर लांबी येते. पण नळीतला वायू गरम असतो. तो २०० अंश सेल्सिअसचा धरला तर वेग ४३६ मीटरच्या आसपास जातो आणि लांबी १ मीटर ३६ सेंटिमीटर होते. आधीची १.०७ मीटरची नळी गरम झाल्यावर १०२ हर्ट्झवर काम करते, म्हणजे २४०० ऐवजी साधारण ३०५० आरपीएमला. मालक म्हणतो उपाय खोटा आहे, खोटी असते फक्त लांबी. बंद नळीतलं नेमकं तापमान गाडीगाडीला वेगळं असल्याने टोक लगेच वेल्ड करू नका. शेवटचे १५-२० सेंटिमीटर एकात एक सरकणारे ठेवा, क्लॅम्पने आवळा, वीस मिनिटं गाडी चालवून गरम करा, पुन्हा बायपासवर जाऊन आरपीएम बघा. खूण पटली की मग वेल्ड. नळी सरळ बसत नसेल तर वळवा, लांबी मधल्या रेषेवर मोजा.

स्टेनलेस स्टीलचा पाइप घेताना "३०४ ग्रेड आहे, चुंबक चिकटत नाही" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. चुंबक २०२ ग्रेडलाही चिकटत नाही. निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेलं हे स्वस्त स्टील बर्तन बाजारातल्या बऱ्याच भांड्यांत असतं आणि तिथे त्याचं काही बिघडत नाही. एक्झॉस्टमध्ये मात्र उष्णता, पावसाचं पाणी आणि आतलं आम्ल मिळून ते वेल्डच्या कडेने गंजतं. मँगनीज ओळखणारं थेंबाचं रसायन मिळतं. कटिंगआधी पाइपवर एक थेंब टाका. उलट ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतं म्हणून तो वाईट ठरत नाही. कंपन्या तोच सर्रास वापरतात. वरून तांबूस होतो, पण टिकतो.

वाकवण्याचं काम मँड्रेल बेंडवरच (पाइपच्या आत आधार घालून वाकवणाऱ्या मशीनवर) करून घ्या. साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो, मग अडीच इंचाचे पैसे देऊन जेमतेम दोन इंच मिळतो.

वेल्डिंगमधली सगळ्यात महाग चूक स्टीलमध्ये दिसत नाही, ती इसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, दिसते. गाडीवर टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारायचेच असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि अर्थचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. गाडीवर फक्त टॅक; पूर्ण वेल्ड पाइप खाली काढून टेबलावर. मागचा मफलर बऱ्याच गाड्यांत पेट्रोलच्या टाकीला खेटून असतो, एवढं कारण पुरे. दीड मिलिमीटर जाडीच्या ३०४ ला टिग वेल्डिंग (बाहेरून आर्गॉन वायू सोडत केलेलं) आणि ३०८एल रॉड. स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडताना ३०९एल. पाइपची दोन्ही तोंडं ॲल्युमिनियम टेपने बंद करून आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. तो वाचवला तर आतल्या बाजूला काळी, खडबडीत साखर धरते. तिथून तडा जातो आणि तिचे कण सुटून पुढे जातात. जोडाच्या पुढे सेन्सर किंवा कॅट असेल तर ते कण त्यांच्यावरच आदळतात. आणि एक धोक्याची गोष्ट: पाइप पुसायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका. वेल्डच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

सेन्सरसाठी नवा बुश (सेन्सर ज्यात आवळतात ती आट्यांची कडी) लावायचा असेल तर तो घड्याळातल्या दहा ते दोनच्या दरम्यान, म्हणजे वरच्या बाजूलाच हवा. खाली लावला की पाइपात साचलेलं पाणी गरम सिरॅमिकवर येतं आणि सेन्सर तडकतो.

लिफ्टवर छान बसलेली सिस्टिम रस्त्यावर का आपटते, याचं कारण सोपं आहे. लिफ्टवर चाकं लोंबकळतात, सस्पेन्शन पूर्ण उघडं असतं, तेव्हा पाइप आणि ॲक्सलमधलं अंतर खोटं असतं. चाकांखाली आधार देऊन, गाडीचं वजन चाकांवर आणून ते पुन्हा मोजा. बॉडीपासून किमान २५ मिलिमीटर सोडा. शिवाय स्टील वाढतं: अडीच मीटर लांबीची ३०४ ची सिस्टिम ३०० अंशांनी तापली की १२-१३ मिलिमीटर लांब होते. पाइप टांगणारे रबरी हँगर थंड असतानाच ताणून बसवले तर गरम झाल्यावर टिप, म्हणजे पाइपचं मागचं टोक, बंपरला टेकते, रंग करपतो आणि गुंजन थेट बॉडीत उतरतं. बरीच घूं-घूं मफलरची नसून चिकटलेल्या हँगरचीच असते. बंद नळी बनवण्याआधी हे तपासा, नाहीतर फुकटचा खर्च.

काम झाल्यावर येणारे त्रास ओळखायला कान पुरतो. थंड असताना टकटक आणि गरम झाल्यावर गायब, म्हणजे पुढच्या गॅस्केटपाशी गळती. तापल्यावर फट मिटते म्हणून आवाज जातो. पी०१७१ कोड आणि वाढलेला पेट्रोलचा खर्च एकत्र आले तर पुढच्या सेन्सरच्या आसपास गळती शोधा. दोन झोतांमधल्या पोकळीत तिथून बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि इसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. इंजिन थंड ठेवून टिपमध्ये व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू कापडाने बसवा आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा, बुडबुडे पत्ता सांगतील. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर गाडी चालवूच नका. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. चुरडून बसणारे गॅस्केट पुन्हा वापरू नयेत. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प थंड असताना पुन्हा आवळावेत.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर फटाके वाजवणारं ट्यूनिंग हा एक्झॉस्टचा भागच नाही. त्यात ठिणगी उशिरा देऊन पेट्रोल मुद्दाम बाहेर जाळलं जातं. ते जळतं कॅटच्या तोंडावर, आणि कॅटची आतली जाळी वितळते.

कायद्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाचं मानक मोडलं तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद, हे वेगळं. मोबाइलवर आकडा बघून "७४ च्या आत आहे" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की नव्या कारसाठीची ७४ डेसिबलची मर्यादा वेग घेत जाणाऱ्या गाडीची, साडेसात मीटर अंतरावरून मोजलेली आहे. अशा मोजणीला खास ट्रॅक लागतो. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात तो आहे. उभ्या गाडीचा आवाज टिपपासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांच्या कोनात घेतात आणि तो आकडा साहजिकच मोठा येतो. दोन्हींची तुलना होत नाही. कामाआधी आणि नंतर एकाच पद्धतीने, एकाच जागी मोजलं तर किती फरक पडला एवढं मात्र नक्की कळतं. एमवायएचसारख्या हॉस्पिटलभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा असतो, तिथे तर कंपनीचा आवाजही सांभाळूनच.

व्हॉल्व्हवाली (पाइपातली झडप उघडून-मिटवून आवाज बदलणारी) सिस्टिम घेतली तर व्हॉल्व्ह बिघडल्यावर उघडा राहतो की बंद, हे विकत घेण्याआधी विचारा. व्हॅक्यूमवर बंद होणारा व्हॉल्व्ह नळी निसटताच उघडा पडतो. पावसाळ्यात त्याची दांडी जाम होते. आठवड्यातून एकदा तरी उघडझाप करा. आणि थंड इंजिन सुरू होताना कॅट तापवायला इसीयू स्वतःहून आयडल वाढवतो आणि ठिणगी मागे नेतो, म्हणजे गाडी सगळ्यात मोठ्याने वाजते ती नेमकी पहाटे, कॉलनी झोपेत असताना. त्या दीड मिनिटासाठी व्हॉल्व्ह बंद राहील असंच सेटिंग करून घ्या.

काढलेली मूळ सिस्टिम लोहामंडीत भंगारात देऊ नका. तिचे नट, गॅस्केट आणि हँगर एका पिशवीत घालून त्याच पाइपला बांधा, दोन्ही तोंडं कापडाने बंद करा आणि माळ्यावर टाका. वॉरंटीचा प्रश्न आला, गाडी विकायची ठरली किंवा आरटीओत तपासणी निघाली, की पहिल्यांदा तीच शोधावी लागते.