डिजिटल मोडमध्ये आपली फ्रिक्वेन्सी अचूक कशी नोंदवावी

हॅम रेडिओच्या डिजिटल मोडमध्ये संदेश संगणकाच्या सॉफ्टवेअरमार्फत जातात. रिगचा (रेडिओ संचाचा) डायल १४.०७४ मेगाहर्ट्झवर, मोड अपर साइडबँड (सिग्नल डायलच्या वरच्या बाजूला) आणि वॉटरफॉलवर (सॉफ्टवेअरमधल्या आवाजाच्या फ्रिक्वेन्सींच्या सरकत्या आलेखावर) खूण १२४० हर्ट्झवर असेल, तर हवेत आपण १४.०७५२४० वर असतो. सॉफ्टवेअर एवढी बेरीज करून आकडा पुढे पाठवतं. लोअर साइडबँडवर वजाबाकी होते. आकडा चुकला, तर आधी डायलकडे बघा.

पहिलं काम: डायलचा आकडा सॉफ्टवेअरला मिळतो कुठून ते तपासा. कॅट जोडणी (रिग आणि संगणक यांच्यातली नियंत्रणाची जोडणी) नसेल तर मेनूत जी फ्रिक्वेन्सी निवडली तीच ते खरी मानतं. मग रिगची नॉब फिरली तरी त्याला पत्ता नसतो. जोडणी असेल तर नॉब थोडी फिरवा आणि स्क्रीनवरचा आकडा हलतोय का पाहा. काही रिग कॅटवरून १० हर्ट्झच्याच टप्प्यात आकडा देतात, हे लक्षात असू द्या.

दुसरं, रिट (डायल न बदलता फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी सरकवणारी सोय) बंद करा. माझ्या रिगवर एकदा रिट वरच्या बाजूला ४० हर्ट्झ सरकलेलं राहिलं होतं. डब्ल्यूएसपीआर या क्षीण सिग्नलांच्या डिजिटल मोडची सगळी स्टेशनं मी दिवसभर ४० हर्ट्झ खाली नोंदवत होतो. ज्या मोडची सगळी जागाच २०० हर्ट्झची, तिथे ही चूक फार मोठी आहे.

आता खरं मोजमाप. रिग अर्धा तास तापू द्या. थंड ऑसिलेटर सरकत राहतो. डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे प्रमाणवेळ स्टेशन १० मेगाहर्ट्झवर ऐकू येत असेल, तर अपर साइडबँडमध्ये डायल ९.९९८५ वर ठेवा. त्याचा कॅरियर (स्टेशनची मूळ अखंड लहर) वॉटरफॉलवर बरोबर १५०० हर्ट्झवर दिसायला हवा. समजा १५१२ वर दिसला. म्हणजे रिग दाखवते त्यापेक्षा १२ हर्ट्झ खाली आहे, दशलक्षात १.२ भाग. हीच चूक १४ मेगाहर्ट्झवर सुमारे १७ हर्ट्झ आणि २८ वर सुमारे ३४ हर्ट्झ होते. म्हणून सगळ्या बँडवर एकच ठरावीक हर्ट्झ वजा करून भागत नाही.

डब्ल्यूएसजेटी-एक्स या डिजिटल मोडच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जच्या फ्रिक्वेन्सीज टॅबवर स्लोप (चूक दशलक्षात किती भाग) आणि इंटरसेप्ट (ठरावीक हर्ट्झची चूक) असे दोन रकाने आहेत. मोजण्याआधी दोन्ही शून्य करा, नाहीतर जुनी दुरुस्ती नव्या मापात मिसळते. अनेक फ्रिक्वेन्सींवर मोजायचं असेल तर त्यातलाच फ्रेककॅल हा फ्रिक्वेन्सी तपासण्याचा मोड वापरा. स्लोप भरल्यावर तोच कॅरियर पुन्हा पाहा: १५०० ऐवजी १५२४ च्या आसपास गेला, तर चिन्ह उलटं पडलंय.

पुष्कळजण इथे साउंडकार्डच्या मागे लागतात. मला ते वेळ घालवणं वाटतं. कार्डात दशलक्षात १०० भागांची चूक असली, तरी १५०० हर्ट्झवर फरक पडतो ०.१५ हर्ट्झ.

शेवटी डायल १४.९९८५ वर नेऊन १५ मेगाहर्ट्झवरही हीच तपासणी करा. एक-दोन हर्ट्झचा फरक उरला तर तिथेच थांबा. आयनोस्फिअर हलताना डॉप्लरमुळे कॅरियर स्वतःच थोडा डोलतो.